गवतातले पट्टे

शांतीबद्दल लिहायला मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत अंधेरीत शांतीचं पीकच आलं होतं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी सकाळी डोळे मिटून बसायचा वर्ग भरायचा. तासाभराने तीच माणसं खाली उतरून पाण्याच्या वेळेवरून एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करायची. ज्यांचं घर कुणी पाडणार नव्हतं, ज्यांच्या पोटावर कुणी पाय देणार नव्हतं, त्यांनाच शांत बसायची एवढी हौस का, असा माझा तेव्हाचा सवाल होता. आजही आहे.

तरी मला ती मिळाली. एकदाच, पाच-सहा आठवडे. ज्यांच्या जागेवर बसून मिळाली, ती जागा आज त्यांची राहिलेली नाही आणि त्यात माझा हात आहे. म्हणून लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

मी तेवीस वर्षांची होते. डावा डोळा सारखा फडफडायचा, झोप धड यायची नाही, सकाळी उठलं की पित्त. आई म्हणायची, "अगं, बाईचा डावा डोळा लवला तर शुभ असतं." सहा महिने लवत होता, म्हणजे केवढं शुभ तुंबून राहिलं होतं कोण जाणे. नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, "चिडणं कमी कर. शांत राहा जरा."

"कशाकडे बघून राहू?" मी विचारलं.

ते हसले आणि गुलाबी गोळ्या लिहून दिल्या.

मी एका संघटनेचं काम करत होते. मरोळला पिठाच्या गिरणीमागे आमची एक खोली होती. तिथे एक टेबल, एक सायक्लोस्टाइलचं मशीन आणि सगळ्यावर पिठाचा थर. संघटना चालवणारे भाऊ हे एका कारखान्यातून काढून टाकलेले फिटर. सगळं गाव त्यांना भाऊच म्हणायचं. पत्रकं लिहिणं आणि त्यांच्या स्टेन्सिली कापणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. झोपडपट्टी तुटणार असो, रेशनचं रॉकेल गायब असो, मला विषय सांगा आणि चहा द्या; चहा संपेपर्यंत पत्रक तयार. भाऊंनीच मला शिकवलं होतं. "पत्रक वाचणारा माणूस चालता असतो," ते म्हणायचे. "तीन ओळींत त्याचा पाय अडकला पाहिजे. नाहीतर तो त्यात भजी बांधेल." मी तीन ओळींत पाय अडकवायला शिकले. काळीज हलेल असा शब्द कुठे टाकायचा, उद्गारचिन्ह कुठे, लहान मुलं कुठे आणायची, हे मला झोपेतही जमलं असतं. नीट बघायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते शिकायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं.

जुलैमध्ये दोन बायका गिरणीमागच्या खोलीत आल्या. सासू-सून. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातल्या. सासू साठीची असावी, काळी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेलं. सून पाचवारीतली, सातवीपर्यंत शिकलेली. गावामागच्या जागेवर सरकारी माणसं साखळी घेऊन मापं घ्यायला आली होती. कागदावर ती जागा कुणाच्याच नावावर नव्हती. आता एका बिल्डरने तिची मागणी केली होती, आणि तिथे समुद्राकडे तोंड केलेले बंगले होणार असं गावात बोललं जात होतं.

"जा, बघून ये," भाऊ मला म्हणाले. "उद्या सकाळी स्टेन्सिल हवी."

मी दुपारी वर्सोव्याहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, पलीकडे गेले. जागेवर तासभर होते. तासभर म्हणजे खूपच, इतर ठिकाणी मी वीस मिनिटांत उरकायचे. काय पाहिलं? भिजलेलं मोठं मैदान. हिरवंगार गवत. हवा गेलेला फुटबॉल लाथाडणारी पाच-सात पोरं, एक बकरी. पलीकडे काळी खाडी. मी सासूला विचारलं, "मावशी, ही जागा कशाची?"

"खला हाय आमचा," ती म्हणाली.

आता इथे नीट ऐका, कारण सगळी वाट इथे लागली. कोळ्यांच्या तोंडी ळचा ल आणि डचा पुष्कळदा र होतो, हे मला माहीत होतं. खला म्हणजे खळं. आणि खळं मला चांगलं माहीत होतं. माझं आजोळ साताऱ्याकडचं. मामाच्या मळ्यात खळं होतं. शेणाने सारवलेलं, मधोमध मेढ रोवलेली. सुगीत तिथे चार दिवस धान्य मळायचं, वारं द्यायचं, पोती भरली की संपलं. पुढे वर्षभर ते मोकळं. त्यावर आम्ही लगोरी खेळायचो, मावशीच्या लग्नाचा मांडवही तिथेच पडला होता. खला ऐकलं आणि माझ्या डोक्यात मामाचं खळं उभं राहिलं. शब्द अनोळखी असता तर मी विचारलं असतं. ओळखीचा निघाला, म्हणून नाही विचारलं. म्हातारीने तिच्या घरचं पाणी दिलं, मी ते उभ्याउभ्या प्यायले आणि परतीची तर पकडली.

त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. अजून पाठ आहे, आणि पाठ राहावं हीच माझी शिक्षा असावी: "सुगी सरलेल्या खळ्यासारखं मोकळं पडलेलं हे हिरवं मैदान! कोळीवाड्याची लेकरं इथे हुंदडतात. त्यांच्या पायाखालचा हा शेवटचा मोकळा तुकडा बिल्डरच्या घशात जाऊ द्यायचा का?"

भाऊंनी वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "झकास! हुंदडतात! हा शब्द कुठून आणतेस गं?"

अंधेरी स्टेशनच्या दोन्ही बाजूंना आम्ही ते वाटलं. लोक खरंच थांबले. एक शाळामास्तर मला म्हणाले, "मुलांच्या मैदानाचा प्रश्न फार मार्मिक मांडलाय." मी फुगले. निवेदनाला तेच पत्रक जोडून कचेरीत दिलं, पोच घेतली. शिक्का अगदी ठसठशीत उठला होता.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. सप्टेंबरअखेर नोटीस आली की जागेचा सध्याचा वापर बघायला अधिकारी येतील. तारीख लिहिलेली नव्हती. "लवकरच" असं होतं. सरकारचं लवकरच काय असतं ते मराठी माणसाला सांगायला नको. पण साहेब आले आणि आपलं कुणी नाही, असं व्हायला नको म्हणून भाऊंनी मला रोज तिकडे जाऊन बसायला सांगितलं. "तुझ्यासारखं बोलणारं कुणी पाहिजे तिथं," म्हणाले.

पहिल्या दिवशी मी तरीतून उतरले आणि जागा ओळखूच आली नाही. जुलैतलं मैदान गायब. तिथे बांबूंचं रान उभं होतं; उभे बांबू, त्यांना आडवे बांबू, त्यांच्यामधून ताणलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडीजोडीने लटकवलेले, हजारोंनी. खाली जमिनीवर सारवलेल्या चौकोनांत जवळा पसरलेला. बायका त्यातून पाय न लावता चालत होत्या. वास असा की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

यांचं खळं मासळी वाळवायचं होतं. मनात एक पाल चुकचुकली. पण मी तिला हाकललं. पत्रक तर गेलं होतं, गाजलं होतं.

चार दिवस मी नुसती बसले. साहेब येत नव्हते. डोळा फडफडत होता. दर दहा मिनिटांनी उठून मी तरीच्या वाटेकडे बघून यायची. पाचव्या दिवशी म्हातारीने माझ्यापुढे सूप टाकलं. त्यात ओंजळभर सुका जवळा होता.

"बस न् निवड," ती म्हणाली. "तुज्या येरझाऱ्यांनी माज्या जवल्यावर धूल बसते."

"काय काढायचं यातून?"

"जवला नाय ते."

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जवळा म्हणजे नखापेक्षा छोटी कोळंबी. जाळ्यात तिच्याबरोबर काय वाट्टेल ते येतं. बारके खेकडे, शिंपले, दुसऱ्या माशांची पिल्लं, काड्या. ते निवडल्याशिवाय जवळा बाजारात धड खपत नाही. मी स्टेन्सिल कापायच्या वेगाने निवडला. पाच मिनिटांत सूप पुढे सरकवलं.

म्हातारीने सूप एकदा आसडलं, एकदाच बघितलं आणि बाजूला काढलेला माझा सगळा कचरा परत त्यात ओतला.

"परत."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सून हसायला लागली. "आयला, मास्तरीणबाय नापास! सातवीवाली पास आन् बीएवाली नापास!"

"अगं, पण काय राहिलं?" मी चिडून म्हणाले. "दाखवा तरी!"

म्हातारीने माझ्या हनुवटीला धरलं आणि डोकं खाली सुपाकडे वळवलं. तिच्या बोटांना मीठ होतं. "तू हात बगतस. हाताकरं नको बगू, हात त्याचा तो चालतो. तू जवल्याकरं बग. तो सांगल."

मी बघत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. बऱ्याच वेळाने ढीग सुटा व्हायला लागला. प्रत्येक जवळ्याला डोळा होता. मोहरीच्या चतकोराएवढा काळा ठिपका. इतका वेळ तो ढीगभर असून मला दिसला नव्हता. मग दिसलं की सगळ्यांचा रंग एक नाही: काही गुलाबी, काही भगव्याकडे झुकलेले, काही कांद्याच्या सालीसारखे आरपार. त्या आरपारांत मधोमध एक बारीक रेघ. मग एक खेकडा दिसला, सदऱ्याच्या बटणाएवढा, पाय पोटाशी घेतलेला. माशाचं एक पिल्लू, कुशीवर पेन्सिलीने ओढावी तशी चंदेरी रेघ असलेलं. ते उचलून बाजूला ठेवलं. आणखी एक उचललं. केव्हातरी मान वर केली तर ऊन पायावरून सरकून बांबूंच्या पलीकडे गेलं होतं. मी तरीची वाट एकदाही बघितली नव्हती. डोळा थांबला होता.

म्हातारीने सूप आसडलं, बघितलं, टोपलीत रिकामं केलं आणि दुसरं भरून पुढे टाकलं. तेवढंच माझं सर्टिफिकेट.

पुढचे पाच आठवडे साहेब आले नाहीत आणि खरं सांगते, त्यांनी येऊ नये असं मला वाटायला लागलं. हे मी भाऊंना बोलले नाही. मी सकाळी जायची, सूप घ्यायची, बघायची. घरीही ते सुटेना. आईच्या हाताकडे बघताना बांगडीच्या आतल्या बाजूला मनगटावर पडलेलं फिकट वळं दिसलं. इतकी वर्षं ते तिथेच असणार. बसच्या तिकिटाला कंडक्टरने पाडलेलं भोक आणि त्याच्या कडेला उचललेले कागदाचे तंतू दिसले. आमच्या भिंतीवर ओलीने केलेला डाग दर दोन दिवसांनी किती सरकतो तेही कळलं. मी चिडायची थांबले असं कृपा करून समजू नका. बिल्डर तोच होता, कचेरी तीच होती. पण छातीत चोवीस तास धडधडणारं मशीन मधूनमधून बंद पडायचं आणि मला माझा श्वास ऐकू यायचा. गुलाबी गोळ्या मी आईच्या नकळत मोरीत टाकल्या.

आणि मग एका सकाळी मला गवत दिसलं.

खळ्याच्या एका कडेला अजून बांबू उभे व्हायचे होते. तिथलं पावसाळी गवत आता सुकत आलं होतं. सुपावरून मान वर केली आणि सहज नजर गेली, तर गवतात पट्टे होते. सरळ, समांतर. एक पट्टा दाट, पिवळा. मग दीड हाताचा एक पट्टा विरळ, खुजा, लालसर. मग पुन्हा दाट. खाडीच्या वाऱ्याला आडवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आखून काढावेत तसे. मी उठून गेले आणि विरळ पट्ट्यात उकिडवी बसले. माती पांढुरकी होती. बोट लावून जिभेला लावलं. खारट.

"मावशी, हे काय आहे?"

म्हातारीने डोकंही वर केलं नाही. "बोंबलाचा पानी गलतो ना दोरीखाली. मीठ उतरतं. मंग तिथं गवत धड धरत नाय."

"म्हणजे दरवर्षी दोऱ्या तिथेच बांधता?"

"मंग काय नाचवत फिरू त्यांना? माज्या सासूचे दोर तिथं, तिच्या सासूचे तिथं."

"आणि पावसाळ्यात? पावसाळ्यात तर ही जागा..." 'मोकळीच असते' असं म्हणणार होते मी.

"पावसालान् खला धुवाला टाकताव," ती म्हणाली, लहान पोराला सांगावं तसं. "मीठ, तेल, घान, समदं चार महिने पाऊस धुतो. नाय धुतला तं पुढल्या साली मासलीला किरे परतात. त्या टायमाला आमी बांबूबी रोवत नाय तिथं. खला निजतो न् काम करतो."

निजतो आणि काम करतो. चार महिने ते मोकळं नव्हतंच. ते कामावर होतं, आणि मी त्या कामाच्या ऐन मधोमध उभी राहून त्याला मोकळं लिहून आले होते. मामाच्या सारवलेल्या खळ्यासारखं. आणि पट्टे जुलैतही असणारच ना! तेव्हाही गवत तिथे विरळच असणार. मी "हिरवंगार" पाहिलं आणि माझं समाधान झालं.

तरी मला वाटलं, वेळ आहे. आता मला दिसतंय, तर दाखवता येईल. मी आलेखाचा कागद आणला आणि आठ दिवस खळं काढलं. प्रत्येक पट्टा. बांबूंची भोकं, ज्यांच्या तोंडाशी माती पायांनी दाबून गुळगुळीत झाली होती. प्रत्येक घराची हद्द सोड्याच्या बाटल्यांनी दाखवलेली होती. बाटली उलटी पुरायची आणि हिरवा तळ तेवढा जमिनीसपाट ठेवायचा. त्या तळांवर उभं राहून राहून काच धुरकट झाली होती. काही इतक्या जुन्या की आत बुडबुडे होते. म्हातारीची सून माझ्याबरोबर फिरायची. "ही आमची, ही शेजारच्या काकीची, ही भांडण झालेली बाटली, हिला हात नको लावू." एवढं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. पत्रकाला पाऊण तास, या कागदाला आठ दिवस. भाऊ तो बघून म्हणाले, "हे चित्र कोण वाचणार? दोन ओळींत लिही ना." मी पहिल्यांदा त्यांना नाही म्हणाले.

साहेब नोव्हेंबरमध्ये आले, एका मंगळवारी, अकराच्या सुमारास. बरोबर एक कारकून, त्याच्या हातात फाईल. सगळ्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. मी साहेबांना पट्टे दाखवले. बाटल्या दाखवल्या. कागद उलगडला. मला वाटलं होतं ते घड्याळ बघतील, ओरडतील, मग मीही ओरडेन. त्याची मला सवय होती. पण माणूस सभ्य निघाला. चष्मा वर करून, वाकून त्यांनी गवत बघितलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "खरंच दिसतंय. छान निरीक्षण आहे तुमचं."

मी आलेखाचा कागद आणखी पुढे केला.

मग त्यांनी कारकुनाकडून फाईल घेतली आणि आतून एक कागद काढला. सायक्लोस्टाइलची निळी शाई मी लांबूनच ओळखली. "पण हे तुमच्याच संघटनेचं ना? निवेदनासोबत आलेलं?"

"हो."

"लिहिलंय कुणी?"

"मी."

त्यांनी ते वाचलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर, अगदी सरळ आवाजात. सुगी सरलेल्या खळ्यासारखं मोकळं पडलेलं. मुलं हुंदडतात. शेवटचा मोकळा तुकडा. "आमच्या मोजणीवाल्यांनी जुलैमध्ये हेच लिहिलंय, बाई. मोकळी जागा, वापर नाही. आता हरकत घेणाऱ्यांची स्वतःची संघटना तेच म्हणते. त्यानंतर तुम्ही लोकांनी बांबू उभे केलेत. मी काय समजायचं? तारखा बघितल्या तर कुणीही म्हणेल की नोटीस आल्यावर उभे केले."

"अहो, पण दरवर्षी उभे करतात! हे पट्टे बघा ना, हे काय एका महिन्यात उठतात?"

"बघितले की," ते म्हणाले. "पण मला गवत फाईलला लावता येत नाही."

माझा आलेखाचा कागदही त्यांनी घेतला नाही. हरकती द्यायची मुदत संपल्यावरचा कागद, म्हणाले. पत्रक मुदतीतलं होतं, त्यावर पोचेचा शिक्का होता.

ते गेले. वारा पडला होता, बोंबील दोऱ्यांवर हालत नव्हते. म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं.

"त्यो बोलला ते तू लिवलंस?"

"हो मावशी. मला वाटलं... खला म्हणजे आमच्याकडे..."

"माज्या दारात बसून पानी प्यालीस," ती म्हणाली. "एक सबूद इचारला असतास तं?"

मी उभ्यानेच प्यायले होते. तेवढी दुरुस्तीही मला करता आली नाही.

सून मध्ये पडली. "ऱ्हाऊ दे आये. ती काय मुद्दाम..."

"मुद्दाम नाय गं. मुद्दाम असती तं शिव्या देयाला बरं झालं असतं."

त्या संध्याकाळी मी भाऊंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते मला झोडतील. ते मशीनचा दांडा फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "घाई मीच केली होती ना, दुसऱ्या सकाळीच स्टेन्सिल मागितली. मग?" आणि लगेच, कारण भाऊ भाऊच होते: "बरं, आता वरच्या कचेरीत अपील. तू लिही. जोरात."

जोरात मला लिहिता येईना. मी अपील लिहिलं, हळू, प्रत्येक शब्द सुनेला वाचून दाखवून. खळं म्हणजे काय हे पहिल्या परिच्छेदात लिहिलं. पावसाळ्यात धुवायला टाकणं म्हणजे काय हे दुसऱ्यात. ते मी लिहिलेलं सगळ्यांत खरं पान होतं आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. अपील फेब्रुवारीत फेटाळलं. कारण अर्ध्या पानाचं होतं. त्यात "मोकळी" हा शब्द तीनदा आला होता आणि एकदा तर अवतरणात, माझाच.

मार्चमध्ये तारेचं कुंपण झालं. कुंपणवाल्यांनी खांब रोवायला जमीन खणली तेव्हा हिरव्या बाटल्या फुटल्या. काचा किती दिवस तिथेच पडून होत्या. बायका आता तरीकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला मासळी वाळत घालू लागल्या. गाडी गेली की धूळ बसायची, कुत्री तोंड घालायची. रस्त्यावरचा जवळा वाळूने कचकचतो हे बाजाराला दोन दिवसांत कळलं. सून अंधेरीला एका कंपनीत कोळंबी सोलायला जाऊ लागली, बर्फात हात घालून. तिची बोटं पांढरी फटक पडलेली मी पाहिली आहेत.

बघायची सवय मात्र माझी गेली नाही. हा भाग सांगायला मला सगळ्यांत जड जातो. मी आजही कशात अडकले, चिडले की कुठेतरी नजर टेकवते; पाण्याच्या ग्लासाची कड, कुणाच्या चपलेचा झिजलेला अंगठा. आणि धडधड उतरते. डोळा परत कधी फडफडला नाही. लोक म्हणतात, तू किती निवळलीस गं. निवळले खरी. त्यांचं खळं गेलं आणि मी निवळले. गच्चीवरच्या त्या लोकांहून मी काही फार वेगळी निघाले नाही, त्यांनी निदान कुणाची जागा तरी घालवली नव्हती.

कुंपण झाल्यावर दोन महिन्यांनी मी धीर करून म्हातारीकडे गेले. मे महिना होता. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर जवळा पसरलेला. म्हातारी आणि काकी सुपं घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं होतं, ती तोंड फिरवेल. तिने फिरवलं नाही. मी शेजारी मातीत बसायला गेले, तर तिने हाताने थांबवलं.

"तिथं नको. लुगरं खराब व्हल."

मी सलवार-कमीज घातलं होतं.

तिने काकीच्या नातीला आत पाठवलं. आतून लोखंडी घडीची खुर्ची आली. म्हातारीने स्वतःच्या पदराने ती पुसली आणि माझ्यामागे मांडली. मग चहा आला, बशीसकट.

"मी निवडू लागते ना मावशी," मी म्हणाले. "द्या एक सूप."

"ऱ्हाऊ दे, बाय," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिने मला पहिल्यांदाच बाय म्हटलं होतं. आवाजात राग नव्हता, आणि मी तो शोधला, शपथेवर सांगते. "आता किती हाय निवराला. आमी दोघी पुरताव."

मी खुर्चीवर बसून चहा प्यायले. वरून त्यांचे हात दिसत होते, आणि सुपातला जवळा इतक्या उंचीवरून नुसता गुलाबी ढीग दिसत होता.